विंडोज १० वरून विंडोज ११ वर जाताना: नवख्यांसाठी पायरीपायरीने

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला नेहमीची सुरक्षा अपडेट्स देणं थांबवलं. २९ जुलै २०१५ ला आलेली ही सिस्टिम दहा वर्षं चालली आणि आजही असंख्य कॉम्प्युटरवर तीच आहे. त्या तारखेला कॉम्प्युटर बंद पडला नाही, फायली उघडतात, ब्राउझर चालतो, त्यामुळे काही बदललंय असं जाणवतही नाही. पण यापुढे या सिस्टिममध्ये जी नवी छिद्रं सापडतील ती, वाढीव अपडेट्ससाठी वेगळी नोंदणी केली नाही तर, बुजवायला कोणी येणार नाही. ज्या कॉम्प्युटरवरून बँकेचे व्यवहार होतात, ज्यात घरातल्यांचे फोटो आणि ओळखीची कागदपत्रं आहेत, तो असा उघडा ठेवू नये, असं मला मनापासून वाटतं.

ज्यांनी आजवर एकदाही सिस्टिम बदललेली नाही त्यांच्यासाठी हे लिहितोय. अपग्रेड म्हणजे पडद्यावरचे टक्के वाढताना बघत बसणं, तेवढंच. खरं काम त्याच्या आधीचं आहे. डेटा गेल्याची जी रडगाणी ऐकू येतात, त्यांत बहुतेक वेळा अपग्रेडचं बटण दाबण्याआधी काय करायचं तेच राहून गेलेलं असतं. म्हणून इथेही तयारीलाच जास्त जागा दिली आहे.

पायरी १: कॉम्प्युटर पात्र आहे का ते बघा

मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून 'पीसी हेल्थ चेक' हे छोटं ॲप फुकट उतरवता येतं. ते उघडून 'चेक नाऊ' दाबलं की मशीन विंडोज ११ साठी चालेल की नाही आणि नसेल तर नेमकं कुठे अडलंय, हे कळतं.

किमान गरजा अशा: ६४ बिटचा, दोन कोअरचा, १ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण, यूईएफआय (मशीन सुरू करायची नवी पद्धत) आणि सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय), आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप. यातली ४ जीबी रॅम फक्त कागदावर पुरते. ब्राउझरच्या चार खिडक्या उघडल्या की मशीन धापा टाकायला लागतं, तेव्हा ८ जीबी असेल तरच पुढे जा.

सगळ्यात जास्त लोक अडतात ते प्रोसेसरवर, कारण मायक्रोसॉफ्टने ठरावीक प्रोसेसरचीच यादी मान्य केली आहे. ढोबळमानाने इंटेलची आठवी पिढी आणि त्यापुढचे, एएमडीचे रायझन २००० मालिका आणि त्यापुढचे चालतात. पिढी ओळखणं सोपं आहे. स्टार्टवर राइट क्लिक करून 'सिस्टिम' उघडा, तिथे प्रोसेसरचं नाव दिसेल. समजा 'आय५-८२५०' असं आहे, तर आडव्या रेघेनंतरचा पहिला आकडा ८, म्हणजे आठवी पिढी. 'आय५-७२००' असेल तर सातवी, ती चालत नाही. रेघेनंतर पाच आकडे असतील, उदाहरणार्थ १०२१०, तर पहिले दोन बघायचे: दहावी पिढी.

त्याच पानावर 'सिस्टिम टाइप' समोर ३२ बिट लिहिलेलं दिसलं, तर एक गोष्ट लक्षात घ्या. विंडोज ११ ची ३२ बिट आवृत्तीच नाही. प्रोसेसर ६४ बिटचा असला तरी अशा मशीनवर वरच्यावर अपग्रेड, म्हणजे फायली आणि ॲप्स जागच्या जागी ठेवून केलेलं अपग्रेड, होत नाही, सगळं नव्याने टाकावं लागतं.

पायरी २: टीपीएम आणि सिक्युअर बूट

हेल्थ चेकने 'टीपीएम नाही' म्हटलं म्हणून लगेच नवा कॉम्प्युटर घ्यायला निघू नका. जुलै २०१६ नंतर विंडोज टाकून विकल्या गेलेल्या बहुतेक मशीनमध्ये टीपीएम २.० ची सोय असते, फक्त ती बंद असू शकते, विशेषतः सुटे भाग घेऊन जुळवलेल्या डेस्कटॉपमध्ये. टीपीएमचं काम म्हणजे कुलपांच्या किल्ल्या डिस्कवर न ठेवता वेगळ्या, बंदिस्त जागी ठेवणं.

ती चालू करायला मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, म्हणजे सगळे ज्याला बायोस म्हणतात तिथे, जावं लागतं. मशीन सुरू होताना एफ२ किंवा डिलीट बटण दाबत राहायचं, काही कंपन्यांत एफ१० किंवा एस्केप. ते जमत नसेल तर विंडोज १० मधूनच जाता येतं: सेटिंग्ज, अपडेट अँड सिक्युरिटी, रिकव्हरी, 'ॲडव्हान्स्ड स्टार्टअप' खाली 'रीस्टार्ट नाऊ'. निळा पडदा आला की ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज.

आत गेल्यावर 'टीपीएम' हा शब्द सापडेलच असं नाही, आणि नवखे लोक इथेच हरवतात. इंटेलच्या मदरबोर्डवर ते 'पीटीटी' किंवा 'प्लॅटफॉर्म ट्रस्ट टेक्नॉलॉजी' या नावाने असतं, एएमडीवर 'एफटीपीएम'. 'सिक्युरिटी' किंवा 'ॲडव्हान्स्ड' या भागात शोधा, 'एनेबल' करा, एफ१० दाबून सेव्ह करा. आजूबाजूला 'क्लिअर टीपीएम' असा पर्याय दिसला तर त्याला हात लावू नका. त्याने आतल्या किल्ल्या पुसल्या जातात.

पण हे करण्याआधी एक गोष्ट तपासायलाच हवी: तुमची डिस्क कुलूपबंद आहे का? अनेक लॅपटॉपमध्ये 'बिटलॉकर' किंवा 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' कंपनीकडूनच चालू असतं आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. बायोसमध्ये काही बदललं की हे कुलूप संशय घेतं आणि ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. ती नसेल तर डिस्कवरचा मजकूर कायमचा गेला, कोणताही दुरुस्तीवाला तो काढून देऊ शकत नाही. ही की बहुतेक वेळा ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने लॅपटॉप पहिल्यांदा सुरू केला त्या खात्यात, वेबवर लॉगिन केल्यावर उपकरणांच्या यादीत सापडते. ती कागदावर उतरवून घ्या. त्याच कॉम्प्युटरवर फाइल करून ठेवली तर वेळेला ती उघडताच येणार नाही. बिटलॉकर असेल तर कंट्रोल पॅनेलमधून त्याला 'सस्पेंड' करून मगच बायोसमध्ये जा. नुसतं 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' असेल तर ते सेटिंग्जमधून बंद करता येतं, त्याला थोडा वेळ लागतो.

सिक्युअर बूटचं प्रकरण जरा वेगळं आहे. जुन्या पद्धतीने बसवलेलं विंडोज 'लेगसी' प्रकारे सुरू होतं आणि त्याची डिस्क एमबीआर पद्धतीने विभागलेली असते. स्टार्टमध्ये 'सिस्टिम इन्फर्मेशन' शोधून उघडा, 'बायोस मोड' समोर 'लेगसी' दिसलं तर तुमचं मशीन यात मोडतं. अशा वेळी बायोसमध्ये जाऊन थेट यूईएफआय चालू केलं तर विंडोज सुरूच होत नाही. घाबरायचं कारण नाही, सेटिंग परत लेगसी केली की ते पूर्वीसारखं उघडतं. आधी डिस्क जीपीटी पद्धतीत बदलावी लागते. त्यासाठी विंडोज १० मध्येच 'एमबीआर टू जीपीटी' नावाचं साधन आहे आणि ते डेटा न पुसता काम करतं. पण ते कमांड टाइप करून चालवावं लागतं, तेव्हा कमांडची सवय नसेल तर जाणत्या माणसाला शेजारी बसवा, आणि बॅकअप घेतल्याशिवाय तर हे करूच नका.

मशीन पात्र नसेल तर

नियम चुकवून विंडोज ११ टाकायच्या युक्त्या सर्रास सांगितल्या जातात. त्या चालतातही, पण नवख्या माणसाला मी त्या सुचवणार नाही. अशा मशीनला पुढची अपडेट्स मिळण्याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून तर फार जुन्या प्रोसेसरवर ते सुरूच होत नाही.

त्यापेक्षा दोन रस्ते बरे. एक म्हणजे विंडोज १० ची वाढीव सुरक्षा अपडेट्स, 'ईएसयू'. घरगुती वापरासाठी ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहेत. मशीनवर विंडोज १० ची २२एच२ आवृत्ती हवी आणि मायक्रोसॉफ्टचं खातं हवं, नोंदणीचा दुवा विंडोज अपडेटच्या पानावरच दिसतो. दुसरा रस्ता लिनक्सचा, म्हणजे विंडोजऐवजी वापरायच्या वेगळ्या सिस्टिमचा. लिनक्स मिंट जुन्या मशीनवर हलकं चालतं, दिसायला विंडोजच्या जवळचं आहे, फुकट आहे, आणि डिस्कला हात न लावता पेनड्राइव्हवरून चालवून आधी बघता येतं. ब्राउझर, मेल, पत्रं, सिनेमे एवढाच वापर असेल तर हा पर्याय मला फार मोलाचा वाटतो. विंडोजवरच चालणारं हिशेबाचं किंवा डिझाइनचं सॉफ्टवेअर असेल तर मात्र आधी नीट चौकशी करा.

पायरी ३: बॅकअप

इथे घाई नको. बाहेरची हार्ड डिस्क किंवा एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) घ्या, तुमच्या सगळ्या डेटापेक्षा मोठी.

डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स, व्हिडिओज ही फोल्डरं सी ड्राइव्हवर 'यूजर्स' मध्ये तुमच्या नावाखाली असतात. ती अख्खी कॉपी करा. 'डी ड्राइव्हला काही होत नाही' असं ऐकलं असेल. वरच्यावर अपग्रेडमध्ये सहसा होत नाही, पण नव्याने विंडोज टाकताना चुकीच्या भागावर क्लिक झालं तर डी ड्राइव्हही जातो. म्हणून तोही कॉपी करा.

मग ज्या गोष्टी लोक विसरतात त्या:

ईमेल आउटलुकमध्ये उतरवून घेत असाल तर मेल साठवणारी त्याची पीएसटी फाइल सहसा डॉक्युमेंट्समधल्या 'आउटलुक फाइल्स' मध्ये असते. थंडरबर्डचा मेल लपलेल्या ॲपडेटा फोल्डरमध्ये असतो, तो नुसत्या नजरेला दिसत नाही.

हिशेबाचं सॉफ्टवेअर आपला डेटा बऱ्याचदा स्वतःच्या फोल्डरमध्ये ठेवतं. त्याच्या आतच 'बॅकअप' असा पर्याय असतो, तोच वापरा. परवाना एकाच मशीनपुरता असेल तर नव्याने विंडोज टाकण्याआधी तो 'डीॲक्टिव्हेट' करावा लागतो का, तेही बघून ठेवा.

ब्राउझरचे पासवर्ड आणि बुकमार्क खात्याशी जोडलेले आहेत ना, हे दुसऱ्या उपकरणावर लॉगिन करून खात्री करून घ्या. वायफायचा पासवर्ड कागदावर हवा.

आणि मराठीत काम करणाऱ्यांसाठी खास: फॉन्ट. युनिकोड (अक्षरांची सगळीकडे चालणारी सामाईक पद्धत) येण्याआधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली जुनी पत्रं, पत्रिका, हस्तलिखितं असतील, तर तो फॉन्ट नसला की फाइल उघडते, पण अक्षरांच्या जागी निरर्थक इंग्रजी चिन्हं दिसतात. सी ड्राइव्हच्या 'विंडोज' मधल्या 'फॉन्ट्स' मधून ते फॉन्ट बॅकअपच्या डिस्कवर घ्या, सोबत तुमच्या टायपिंगच्या सॉफ्टवेअरचा इन्स्टॉलरही ठेवा. वर्षानुवर्षांचं लिखाण यावर अवलंबून असतं.

वनड्राइव्ह किंवा गूगल ड्राइव्ह वापरत असाल तरी वेगळी प्रत हवीच. एका ठिकाणी फाइल पुसली की ती सगळीकडून पुसली जाते. शिवाय वनड्राइव्हमधल्या ज्या फायलींवर ढगाचं चिन्ह दिसतं त्या तुमच्या डिस्कवर नसतातच.

कॉपी संपली म्हणजे बॅकअप झाला असं समजू नका. मूळ फोल्डरवर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज' उघडा, फायलींची संख्या आणि आकार बघा, मग बॅकअपच्या डिस्कवरच्या फोल्डरचं तेच बघा. दोन्ही जुळायला हवेत. नंतर ती डिस्क शक्य असल्यास दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून काही फायली उघडा: एक जुना फोटो, सगळ्यात मोठा व्हिडिओ, एखादी एक्सेल शीट, हिशेबाचा बॅकअप. व्हिडिओ शेवटापर्यंत सरकवून बघा, अर्धवट कॉपी झालेली फाइल सुरुवातीला चांगलीच चालते. हे झालं की डिस्क काढून बाजूला ठेवा. अपग्रेड चालू असताना ती मशीनला लावलेली असता कामा नये.

पायरी ४: मशीन हलकं करा

सी ड्राइव्हवर निदान ३० जीबी जागा मोकळी करा. सेटिंग्जमधल्या 'स्टोरेज' मधून टेम्पररी फायली काढल्या तरी बरीच जागा सुटते. विंडोज १० ची सगळी बाकी अपडेट्स घ्या. दुसऱ्या कंपनीचं अँटीव्हायरस असेल तर ते अनइन्स्टॉल करा, नुसतं बंद करून भागत नाही. तेवढ्या वेळात विंडोजचा स्वतःचा डिफेंडर काम बघतो. प्रिंटर, स्कॅनर, जादा पेनड्राइव्ह, बाहेरून लावलेली हार्ड डिस्क सगळं काढा. कीबोर्ड, माउस आणि मॉनिटर एवढंच राहू द्या.

मशीनमध्ये अजून जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर माझं स्पष्ट मत: आधी एसएसडी बसवा, मग विंडोज ११. हार्ड डिस्कवर ते इतकं रेंगाळतं की लोक सिस्टिमला नावं ठेवतात.

पायरी ५: रस्ता निवडा

सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेट उघडल्यावर 'विंडोज ११ तयार आहे' असा संदेश असेल तर तिथूनच 'डाउनलोड अँड इन्स्टॉल' करा. नवख्यांसाठी हाच उत्तम रस्ता. संदेश नसेल पण हेल्थ चेक पास झालं असेल, तर मायक्रोसॉफ्टच्या पानावरून 'इन्स्टॉलेशन असिस्टंट' घ्या. दोन्हींत तुमच्या फायली, ॲप्स आणि सेटिंग्ज जिथल्या तिथे राहतात.

तिसरा रस्ता म्हणजे सगळं पुसून नव्याने टाकणं. मशीन व्हायरसने किंवा वर्षानुवर्षांच्या कचऱ्याने बेजार झालं असेल तर हाच बरा. त्यासाठी किमान ८ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह आणि 'मीडिया क्रिएशन टूल' लागतं. पेनड्राइव्हवर असलेलं सगळं पुसलं जातं. इन्स्टॉल करताना प्रॉडक्ट की मागितली तर 'माझ्याकडे की नाही' निवडा आणि पूर्वीचीच आवृत्ती, होम असेल तर होम, प्रो असेल तर प्रो, घ्या. विंडोज १० रीतसर ॲक्टिव्हेट असेल तर त्या मशीनचा परवाना मायक्रोसॉफ्टकडे नोंदलेला असतो आणि इंटरनेट मिळाल्यावर ते आपोआप ॲक्टिव्हेट होतं. सेटअपमध्ये मायक्रोसॉफ्टचं खातं आणि इंटरनेट लागतं, तेव्हा खात्याचा पासवर्ड आधीच आठवून ठेवा.

सेटअपची फाइल कुठूनही आली तरी चालेल असं मानू नका. ती फक्त मायक्रोसॉफ्टकडूनच घ्यायची.

पायरी ६: प्रत्यक्ष अपग्रेड

सकाळी सुरू करा, ज्या दिवशी कॉम्प्युटरवर काही तातडीचं काम नाही अशा दिवशी. लॅपटॉप चार्जरला लावा, डेस्कटॉपला यूपीएस असेल तर उत्तम. डाउनलोड काही जीबींचं असतं, मोबाइल डेटावर करत असाल तर आधी शिल्लक बघा.

डाउनलोड आणि पहिली तयारी चालू असताना कॉम्प्युटर वापरता येतो, पण न वापरलेला बरा. मग तो रीस्टार्ट मागतो आणि काळ्या पडद्यावर गोल फिरणारे ठिपके आणि टक्के दिसायला लागतात. हे टक्के सारख्या वेगाने वाढत नाहीत. एखाद्या आकड्यावर बराच वेळ अडकल्यासारखं वाटतं, मशीन मध्येच स्वतःहून अनेकदा रीस्टार्ट होतं, क्वचित पडदा काही मिनिटं पूर्ण काळा राहतो. हे सगळं नेहमीचं आहे. डिस्कचा दिवा लुकलुकतोय किंवा पंखा वाजतोय तोवर आत काम चालू आहे. पॉवरचं बटण दाबून बंद करू नका. अपग्रेड बिघडण्याचं ते एक मोठं कारण आहे. एसएसडीवर साधारण तासाभरात होतं, हार्ड डिस्कवर अर्धा दिवसही जाऊ शकतो.

अडलं तर

अपग्रेड पुरं झालं नाही तर विंडोज बहुतेक वेळा स्वतःच मागे फिरतं आणि विंडोज १० पूर्वीसारखं उघडतं. सोबत एक एरर क्रमांक देतं, त्याचा मोबाइलवर फोटो काढा. क्रमांकात ८००७००७० असेल तर जागा अपुरी आहे. सी१९००१०१ असेल तर कुठला तरी ड्रायव्हर, म्हणजे एखादा भाग चालवणारं छोटं सॉफ्टवेअर, आडवा येतोय: ग्राफिक्स आणि वायफायचे ड्रायव्हर लॅपटॉप कंपनीच्या संकेतस्थळावरून नवे टाका, जास्तीची उपकरणं काढली आहेत ना ते बघा, मग पुन्हा करा.

पायरी ७: पहिल्या दिवशी

विंडोज अपडेट उघडून 'चेक' दाबा, अपडेट्स येतील, रीस्टार्ट करा, पुन्हा 'चेक' दाबा. काही येईनासं होईपर्यंत हे चालू ठेवा, ड्रायव्हर याच वाटेने येतात. मग सेटिंग्ज, सिस्टिम, ॲक्टिव्हेशन इथे 'ॲक्टिव्ह' आहे ना ते बघा. आवाज, कॅमेरा, ब्लूटूथ, प्रिंटर एकेक वापरून बघा. बिटलॉकर सस्पेंड केलं असेल तर परत चालू करा. नव्याने विंडोज टाकलं असेल तर डिव्हाइस एन्क्रिप्शन आपोआप चालू झालेलं असू शकतं, त्याची नवी रिकव्हरी की आजच कागदावर घ्या, जुनी आता चालणार नाही.

बाकी बदल सवयीचे आहेत. स्टार्टचं बटण मधोमध गेलेलं खटकत असेल तर टास्कबारवर राइट क्लिक, टास्कबार सेटिंग्ज, बिहेव्हिअर्स, आणि अलाइनमेंट 'लेफ्ट'. राइट क्लिकचा जुना मोठा मेनू हवा असेल तर शिफ्ट दाबून राइट क्लिक करा.

वरच्यावर अपग्रेड केलं असेल तर पुढचे दहा दिवस महत्त्वाचे. तेवढ्या मुदतीत सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी इथल्या 'गो बॅक' ने विंडोज १० वर परतता येतं. जुनी सिस्टिम सी ड्राइव्हवर 'विंडोज डॉट ओल्ड' या फोल्डरमध्ये ठेवलेली असते आणि ती बरीच जागा खाते, म्हणून लोक पहिल्याच दिवशी साफ करतात. तसं करू नका. या दहा दिवसांत तुमची नेहमीची सगळी कामं एकदा तरी करून बघा: हिशेब, छपाई, स्कॅनिंग, डिजिटल सहीचं टोकन, जुन्या फॉन्टमधलं एखादं पत्र. काही चालत नसेल आणि त्यावर उपाय सापडत नसेल तर मुदतीच्या आत मागे या, आणि येण्याआधी या दिवसांत केलेलं नवं काम बॅकअपच्या डिस्कवर घ्या. सगळं सुरळीत चाललं तर मुदत संपल्यावर ते फोल्डर विंडोज स्वतःच काढून टाकतं. बॅकअपची डिस्क मात्र आणखी दोन-तीन महिने तशीच ठेवा, तिच्यावर दुसरं काही लिहू नका.